रन-फ्लॅट काढून साधे टायर बसवावेत का?

आपली अडचण मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत कुठे चुकली असल्यास आपल्या लक्षात येईल. आपली गाडी कारखान्यातूनच रन-फ्लॅट टायर, म्हणजे हवा गेल्यावरही काही अंतर चालणारे टायर, लावून आली. डिकीत स्टेपनी नाही आणि तळाशी ती ठेवण्याइतका खळगाही नाही. आता चारही टायर घासून बदलायला आले आहेत. नवे रन-फ्लॅट महाग पडतात, खड्ड्यांतून जाताना गाडी फार दणके देते अशी घरच्यांची तक्रार आहे, टायर बसवणारे साधे टायर घ्या म्हणतात आणि गाडीसोबतच्या पुस्तिकेत मात्र रन-फ्लॅटच वापरावेत असे लिहिले आहे. महिन्यातून दोन-तीनदा रात्रीचा लांबचा प्रवास होतो आणि त्यांतला काही प्रवास आपल्या पत्नी एकट्या करतात, हेही आपण शेवटी जाता जाता लिहिले आहे. माझ्या दृष्टीने आपल्या प्रश्नातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य हेच आहे.

गेली तेवीस वर्षे मी टायर बसवण्याचे, दुरुस्तीचे आणि चाकांच्या बॅलन्सिंग-अलाइनमेंटचे काम करतो आहे. दोन्हींतला चांगला टायर कोणता, असे लोक विचारतात तेव्हा मी त्यांना एक उलट प्रश्न विचारतो : टायरची हवा गेल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात तुम्ही काय करणार आहात, त्या वेळी गाडी कोण चालवत असेल आणि ती कुठे असेल? याचे उत्तर माणसागणिक बदलते आणि त्यानुसार टायरही बदलतो. म्हणून माझे उत्तर सर्वांना लागू पडेल असे नाही, पण त्यामागचा विचार मी पूर्ण मांडतो.

साध्या टायरमध्ये गाडीचे वजन मुख्यतः आतली हवा पेलते. हवा गेली की बाजूची लवचीक भिंत दुमडते, रिमची कड तिच्यावर दाबून बसते आणि तशीच गाडी चालवली तर थोड्याच अंतरात टायर आतून कुटला जातो. वेग जास्त असेल तर टायरची कड रिमवरची आपली जागा सोडू शकते आणि त्या चाकावरचा ताबा जवळजवळ संपतो. रन-फ्लॅटच्या भिंतीत उष्णतेला टिकणाऱ्या रबराचा जाड थर घातलेला असतो, त्यामुळे हवा नसतानाही ती भिंत गाडीचे वजन काही काळ उचलून धरते. या टायरांसाठीच्या रिमवर कड बसण्याच्या जागेशेजारचा उंचवटाही थोडा वाढवलेला असतो, म्हणजे हवा नसताना वळणावर टायर निसटत नाही. शिवाय रन-फ्लॅट रिकामा झाला तरी बाहेरून तो जवळजवळ नेहमीसारखाच दिसतो आणि गाडी चालवतानाही फारसा फरक जाणवत नाही, म्हणून हवेचा दाब कमी झाल्याची सूचना देणारी यंत्रणा गाडीत असल्याशिवाय हे टायर बसवायचेच नसतात. टायर, रिम, सूचना देणारा दिवा आणि गाडीचे सस्पेन्शन असा हा एक संच आहे. त्यातली एक वस्तू बदलली की उरलेल्या तिन्हींचा विचार करावा लागतो.

सगळीकडे सांगितला जाणारा आकडा म्हणजे हवा गेल्यावर ताशी ८० किमी वेगाने ८० किमी अंतर. संयुक्त राष्ट्रांच्या टायरविषयक नियमांतल्या चाचणीतही हेच आकडे आहेत. परंतु ही चाचणीतली परिस्थिती आहे. हवा नसताना भिंत प्रत्येक फेऱ्याला वाकते आणि त्या वाकण्याने तापते, आणि ही उष्णताच शेवटी टायर संपवते. गाडीत पाच माणसे आणि भरलेली डिकी असेल, ऊन कडक असेल किंवा वेग आवरला नसेल, तर अंतर घटते. उलट टायरमध्ये थोडी हवा शिल्लक असेल तर ते वाढते. काही गाड्यांच्या पुस्तिकांत भारानुसार अंतर वेगवेगळे दिलेले असते, ते पान एकदा वाचून ठेवावे. आणि भिंतच उभी चिरली असेल, तर रन-फ्लॅटलाही ८० किलोमीटरचे वचन लागू होत नाही.

रन-फ्लॅटचा खरा फायदा मात्र मी या ८० किलोमीटरमध्ये मोजत नाही. हवा अचानक गेल्यावर पहिल्या काही सेकंदांत गाडी सरळ राहते, हा त्याचा सर्वांत मोठा गुण आहे. वेगात असताना, विशेषतः वळणावर, साध्या टायरची हवा एकदम गेली तर गाडी एका बाजूला ओढली जाते, चालक घाबरून जोरात ब्रेक दाबतो आणि अपघात बहुधा त्या ब्रेकमुळे होतो. दुसरा गुण असा की गाडी थांबवण्याची जागा आपल्याला निवडता येते. अंधारात, वाहत्या रस्त्याच्या कडेला जॅक लावून चाक बदलणे हे मी स्वतः व्यवसायाने करणारा माणूस असूनही मला भीतीदायक वाटते, कारण तिथे खरा धोका मागून येणाऱ्या गाडीचा असतो. चाक बदलायला येत नाही, अंगात तेवढी ताकद नाही, सोबत लहान मूल आहे किंवा म्हातारी माणसे आहेत, अशा कोणासाठीही उजेड आणि माणसे असलेल्या ठिकाणापर्यंत हळूहळू जाता येणे ही फार मोठी गोष्ट आहे.

आता त्याची दुसरी बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे सांगायला हवी. जी जाड भिंत हवा नसताना कामी येते, ती हवा असतानाही तितकीच कडक असते. खड्ड्याचा धक्का साधा टायर वाकून बराचसा स्वतःमध्ये जिरवतो, तर रन-फ्लॅट तो रिमकडे आणि पुढे गाडीच्या सांगाड्याकडे पोचवतो. रन-फ्लॅट लावलेल्या, विशेषतः मोठ्या व्यासाच्या आणि बुटक्या भिंतीच्या चाकांच्या रिमा तडकलेल्या किंवा वाकलेल्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. हा टायर त्याच मापाच्या साध्या टायरपेक्षा जडही असतो आणि चाकावरचे हे वजन स्प्रिंगच्या खाली असल्यामुळे चालीत आणि इंधनातही थोडे जाणवते. तरीही आपल्या घरच्यांच्या तक्रारीचे सगळे खापर मी रन-फ्लॅटवर फोडणार नाही. अलीकडच्या काळात तयार झालेले रन-फ्लॅट सुरुवातीच्या पिढीपेक्षा बरेच मऊ आहेत. आपले टायर जुने असतील तर रबरही वयाने कडक झालेले असणार आणि झिजलेला टायर नव्याइतके धक्के झेलत नाही.

म्हणून टायर ठरवण्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात अशी माझी आग्रहाची विनंती आहे. पहिली म्हणजे हवेचा दाब. सकाळी गाडी हलवण्यापूर्वी, टायर थंड असताना तो मोजावा आणि चालकाच्या दाराच्या चौकटीवरील किंवा इंधनाच्या झाकणामागील तक्त्याशी ताडून पाहावा. गाडी कडक चालते म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या टायरमध्ये गरजेपेक्षा चार-पाच पीएसआय हवा जास्त असते, कारण कोणीतरी पूर्ण भरलेल्या गाडीचा आकडा वाचून ती भरलेली असते. तापमान १० अंश सेल्सिअसने बदलले तर दाबात साधारण दीड पीएसआयचा फरक पडतो, त्यामुळे ऋतू बदलला की मोजमापही पुन्हा करावे लागते.

दुसरी गोष्ट म्हणजे चाकाचे माप. २२५/४५ आर १८ (रुंदी २२५ मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या ४५ टक्के, रिम १८ इंची) या मापात भिंतीची उंची साधारण १०१ मिलिमीटर असते, तर २२५/५० आर १७ मध्ये ती साधारण ११२ मिलिमीटर होते. दोन्ही चाकांचा एकूण व्यास मात्र जवळजवळ सारखाच, म्हणजे ६६० आणि ६५७ मिलिमीटरच्या आसपास येतो. गाडीच्या कंपनीने आपल्या मॉडेलसाठी लहान रिम मान्य केली असेल आणि ती ब्रेकच्या कॅलिपरला घासत नसेल, तर एका इंचाने लहान रिमवर रन-फ्लॅटच ठेवूनही चाल बरीच सुधारते. या पर्यायाचा विचार फार कमी लोक करतात.

दुरुस्तीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण इथे मी स्वतः एकदा चुकलो आहे. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका गिऱ्हाइकाच्या रन-फ्लॅटमध्ये खिळा सापडला. टायर रिमवरून न काढता मी बाहेरूनच ट्यूबलेसची पट्टी घातली, हवा भरली आणि गाडी देऊन टाकली. तोच टायर पुढे दुसऱ्या कामासाठी उघडला, तेव्हा आत रबराचा काळा भुगा साचलेला होता आणि भिंतीवर आतून गोल सुरकुत्या पडल्या होत्या. गाडी त्या खिळ्यावर किती अंतर चालली होती, हे मी विचारलेच नव्हते. दिवा लागला होता, पण टायर व्यवस्थित दिसत होता म्हणून मालक दोन दिवस तसेच फिरले होते. तो टायर वेगात असताना फुटला नाही हे केवळ नशीब. तेव्हापासून रन-फ्लॅट उघडून आतून पाहिल्याशिवाय मी दुरुस्त करत नाही. भुगा, सुरकुत्या किंवा रंग बदललेला पट्टा दिसला तर तो बाद करतो, भोक कितीही लहान असले तरी. काही कंपन्या आपल्या रन-फ्लॅटची दुरुस्ती मुळीच करू नका असे सांगतात, तर काही अटींवर परवानगी देतात, तेव्हा आपल्या टायरचा नियम विचारून घ्यावा. जिथे परवानगी असते, तिथेही भोक रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या मधल्या भागातच, साधारण ६ मिलिमीटरपर्यंतचे असावे आणि आतून मशरूम पॅच, म्हणजे भोकात जाणारा दांडा असलेले छत्रीसारखे ठिगळ, लावलेला असावा. साध्या टायरलाही खरे तर हेच नियम लागू आहेत. फरक इतकाच की साध्या टायरची हवा गेली की ते कोणालाही दिसते, त्यामुळे तो रिकामा असताना लांबवर चालवला जाण्याची शक्यता कमी असते.

आणखी एक अडचण आहे, ती विकत घेताना कोणी फारशी सांगत नाही. रन-फ्लॅट आपल्याला सुरक्षित ठिकाणी नेतो, घरी नेईलच असे नाही. ८० किलोमीटरच्या आत टायरचे दुकान सापडले तरी त्या मापाचा रन-फ्लॅट तिथे असेलच याची खात्री नसते, कारण तो कमी विकला जातो आणि दुकानदार त्याचा साठा ठेवत नाहीत. त्याची कडक कड रिमवर चढवण्यासाठी यंत्राला टायर दाबून धरणारा जादा हात लागतो, तोही प्रत्येक ठिकाणी नसतो, आणि ओढाताण करून चढवला तर टायरची कड किंवा आतला दाबमापक सेन्सर तुटतो. अशा वेळी त्याच मापाचा, तितकाच भार पेलणारा एक साधा टायर तात्पुरता बसवून बेताच्या वेगाने घरी यावे लागते आणि मग दोन्ही प्रकारचे टायर एका गाडीवर राहू नयेत म्हणून तो पुन्हा बदलावा लागतो. आपला नेहमीचा मार्ग निर्जन भागातून जात असेल आणि दोन मोठ्या गावांमधले अंतर १०० किलोमीटरहून अधिक असेल, तर रन-फ्लॅटपेक्षा डिकीतली स्टेपनी निःसंशय अधिक उपयोगी आहे.

आता साध्या टायरांकडे वळायचे ठरवले तर काय होते ते पाहू. ज्या गाडीचे सस्पेन्शन रन-फ्लॅटचा कडकपणा गृहीत धरून बसवलेले आहे, तिला साधे टायर लावले की ती मऊ चालते आणि आवाजही थोडा कमी होतो. स्टिअरिंगचा प्रतिसाद किंचित सैल वाटतो, पण बहुतेक चालकांना आठवडाभरात त्याची सवय होते. रन-फ्लॅटसाठीच्या रिमवर साधा टायर सहसा नीट बसतो. याच्या उलट, मुळात साध्या टायरांसाठी बनलेल्या गाडीला रन-फ्लॅट लावायला मी नकार देतो, कारण तिचे सस्पेन्शन आणि रिमा त्यासाठी नसतात आणि कित्येकदा दाबाची सूचना देणारी यंत्रणाही नसते. बदल करायचा तर चारही टायर एकदम बदलावेत. पुढे रन-फ्लॅट आणि मागे साधे अशी जोडणी केली तर गाडीची दोन्ही टोके वळणावर वेगवेगळी वागतात, आणि ते नेमके तातडीने स्टिअरिंग वळवावे लागते तेव्हाच कळते. वॉरंटी किंवा विम्यावर परिणाम होतो का, हे दोन्हीकडे लेखी विचारून घ्यावे.

खरी अडचण स्टेपनीची आहे. साधे टायर लावून स्टेपनीशिवाय फिरणे म्हणजे रन-फ्लॅटचे तोटे टाळताना त्याचा एकमेव आधारही काढून घेणे, आणि असे करणारे लोक मी जवळजवळ दर आठवड्याला पाहतो. बरेच जण डबाबंद द्रव आणि हवेचा छोटा पंप एवढ्यावर समाधान मानतात. नक्षीत घुसलेल्या खिळ्यासाठी, म्हणजे साधारण ४ ते ६ मिलिमीटरपर्यंतच्या भोकासाठी, तो उपाय चांगला आहे. भिंत फाटली, खड्ड्यात टायर चिरला किंवा रिमच वाकली तर मात्र त्याचा काहीही उपयोग होत नाही. त्या द्रवालाही मुदत असते, बहुधा चार-पाच वर्षांची, आणि ती डब्यावर छापलेली असते. माझ्याकडे आलेल्या एका कुटुंबाने पावसात, रात्री, पहिल्यांदाच तो डबा बाहेर काढला, तेव्हा आतला द्रव घट्ट होऊन नळीतच अडकला होता. पातळ आकाराची तात्पुरती स्टेपनी हा अधिक भरवशाचा पर्याय आहे. तिच्यासाठी कमाल वेग बहुधा ताशी ८० किमी आणि दाब साधारण ६० पीएसआय असतो. मात्र ती आपल्या गाडीच्या ब्रेकवर बसते का, बोल्ट त्याच लांबीचे आहेत का, जॅक आणि पाना सोबत आहे का, आणि मुख्य म्हणजे ती डिकीत घट्ट बांधता येते का, हे आधी पाहावे. सैल ठेवलेले चाक जोराचा ब्रेक लागल्यावर पुढच्या माणसांच्या पाठीवर येऊ शकते.

या दोन्हींच्या मधला एक पर्यायही आहे. काही कंपन्यांच्या टायरमध्ये नक्षीच्या आतल्या बाजूला चिकट थर दिलेला असतो, जो साधारण ५ मिलिमीटरपर्यंतचे भोक खिळा शिरताच बुजवतो. भिंत साध्या टायरसारखी असल्यामुळे चाल मऊ राहते आणि बरीचशी पंक्चर तर चालकाला कळतही नाहीत. पण भिंत फाटल्यावर हा टायर साध्या टायरइतकाच असहाय असतो आणि प्रत्येक मापात तो मिळत नाही.

हे सर्व लक्षात घेता आपल्या बाबतीत माझे मत असे आहे. रात्रीचा एकटीचा प्रवास आणि स्टेपनीला जागा नसलेली डिकी, या दोन गोष्टी कायम असतील तर रन-फ्लॅटच घ्यावेत, आणि घेताना सध्याच्या पिढीतला मऊ नमुना निवडावा. रोजचा बराच प्रवास दिवसा, वस्तीतून होत असता आणि रात्री मदतीला कोणी सोबत असते, तर मी बिनदिक्कत साधे टायर आणि बांधलेली तात्पुरती स्टेपनी असा सल्ला दिला असता. आपले टायर बसवणारे चुकीचे सांगत आहेत असे मी म्हणणार नाही. त्यांनी गाडीचा विचार केला आहे, ती कोण आणि केव्हा चालवते हे त्यांना माहीत नसावे.

खरेदी करताना टायरवरची अक्षरे स्वतः वाचावीत. रन-फ्लॅटच्या मापात रिमच्या आकड्याआधी 'आरएफ' असते, आणि त्याशिवाय मिशेलिनच्या टायरवर 'झेडपी', ब्रिजस्टोनच्या 'आरएफटी', गुडइयरच्या 'आरओएफ', कॉन्टिनेंटलच्या 'एसएसआर' अशी खूण आढळते. मर्सिडीजसाठीच्या टायरवर 'एमओ' आणि 'एमओई' अशा दोन खुणा येतात. त्यांतली दुसरी रन-फ्लॅटची आणि पहिली साध्याची, आणि या एका अक्षराच्या गफलतीने चुकीचे टायर बसलेले मी पाहिले आहेत. भार आणि वेगाचा निर्देशांक पुस्तिकेत दिल्यापेक्षा कमी नसावा : ९१ म्हणजे एका टायरला ६१५ किलो, ९४ म्हणजे ६७० किलो, 'व्ही' म्हणजे ताशी २४० किमी, 'डब्ल्यू' म्हणजे २७०. भिंतीवरच्या उत्पादनाच्या क्रमांकातले शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात, म्हणजे २३२४ असेल तर २०२४ चा तेविसावा आठवडा. रन-फ्लॅट दुकानात बराच काळ पडून राहू शकतात, म्हणून चारही टायरांवर ही तारीख पाहावी.

टायर बसल्यानंतर, कोणत्याही प्रकारचे असोत, दाब तक्त्याप्रमाणे भरून दाबाची सूचना देणारी यंत्रणा नव्याने सेट करून घ्यावी. काही गाड्यांत चाकाच्या आत सेन्सर असतो, तर काहींत ब्रेकच्या सेन्सरवरून चाकांच्या फिरण्याची तुलना केली जाते : हवा कमी झालेल्या चाकाचा घेर घटतो आणि ते इतरांपेक्षा जलद फिरते. या दुसऱ्या प्रकारात चारही टायर सारखेच हळूहळू उतरले तर दिवा लागतच नाही, म्हणून महिन्यातून एकदा हाताने दाब मोजण्याला पर्याय नाही. आणि दिवा लागलाच, तर टायर बाहेरून कितीही ठीक दिसला तरी लगेच वेग ८० च्या खाली आणून सर्वांत जवळचे उजेडाचे ठिकाण गाठायचे, हे आपल्या पत्नींना गाडी हातात देण्यापूर्वी एकदा शांतपणे सांगून ठेवावे.